साठ फुटांचं मैदान

अनंत नेरूरकर सरांनी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत फळ्यावर एकही गणित चुकीचं मांडलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते आठवड्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवतच. वेंगुर्ल्याचा माणूस सिल्वासाला शिक्षक म्हणून आला आणि इथलाच होऊन गेला, पण नाकावर माशी मात्र इथेही बसू दिली नाही. दशांशचिन्ह अर्धा दोरा सरकलं तरी ते अर्धा गुण कापत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना अशा माणसाच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी सॉफ्टबॉल मारला.

खेळाचे सर बदलून दमणला गेले होते. वरून परिपत्रक आलं होतं की मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ तयार करा, फेब्रुवारीत दादऱ्याला स्पर्धा आहे. मागोमाग साहित्याची मोठी पिशवीही आली. "सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच हो," मुख्याध्यापक सुधाकर सर म्हणाले, "फक्त चेंडू मऊ. मुलींना लागू नये म्हणून." नेरूरकर सरांनी पिशवीतला चेंडू अंगठ्याने दाबून पाहिला. हा मऊ असेल तर नारळही मऊच म्हणायचा, असं ते पुटपुटले. पण बेसबॉलच ना, मग ठीक आहे. त्यांनी संगणकावरून बेसबॉलचं नियमांचं पुस्तक छापून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत बसून त्यातले निम्मे नियम दोनशे पानी वहीत मराठीत उतरवले. आकृत्या कंपासने, महत्त्वाचे नियम लाल शाईने.

इथपर्यंत सगळं झकास होतं. गाडं अडलं ते मोजमापाशी. पुस्तकात चेंडूचा घेर नऊ इंच, तर बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजला तेव्हा भरला बारा. सरांनी तीनदा मोजला आणि बसल्या बैठकीला कार्यालयाला पत्र लिहिलं की पुरवठादाराने प्रत्येक चेंडू तीन इंच मोठा देऊन शाळेची फसवणूक केली आहे. मग मैदान. बेस म्हणजे धावणाऱ्याचे थांबे, एकापासून दुसरा नव्वद फूट हवा. होमपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून, माप टाकत गेले, तर दुसरा बेस वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या शेडच्या पायरीवर आला आणि तिसरा कुंपणापलीकडच्या गटारात. सरांनी चौकोन फिरवून पाहिला, तिरका करून पाहिला. शेवटी दुसरा बेस पायरीवरच ठेवला. मुली धावत तिथे पोचल्या की आतून स्वयंपाकी काळूभाई ओरडायचा, "सर, तुमचा बेस उचला ने, डाळ उतरवायची छे!"

तीन महिने हे असं चाललं. सर आठवीनववीच्या मुलींना घाम फुटेपर्यंत पळवत. त्या तेरा जणींमध्ये गुड्डी भदाणे नावाची एक मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी आईबापांबरोबर अमळनेरकडून सिल्वासाजवळ नरोलीला आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, वर्गात तोंड न उघडणारी. उघडलं की 'आहे'च्या जागी 'शे' निघायचं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची, म्हणून तिने बोलणंच सोडून दिलं होतं. पण हातात चेंडू दिला की ही पोर वेगळीच. डोक्यावरून हात नेऊन अशी फेकायची की मागे झेलणारी कॅचर मुलगी हात झटकत बसायची. सरांनी तिला पिचर केलं, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारी. तेव्हापासून गुड्डी शाळेला एक दिवसही चुकली नाही. "काय गो, आज किती टाकलेस?" असं सरांनी विचारलं की ती आकडा सांगायची. दिवसभरात ती शाळेत बोलायची ते तेवढंच.

स्पर्धेला सोळा दिवस उरले असताना कुंपणापाशी एक बाई उभी दिसली. अंगावर कारखान्याचा निळा अ‍ॅप्रन, खांद्याला डब्याची पिशवी. पहिल्या दिवशी सरांना वाटलं कोणाची तरी पालक असेल. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही ती तशीच उभी, सराव संपेपर्यंत, जाळीला बोटं अडकवून. चौथ्या दिवशी मुली पाणी प्यायला नळावर गेल्या तेव्हा ती हळूच आत आली.

"सर, मी गुड्डीची आई. सरिता भदाणे. नरोलीला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला शे. एक इचारू? राग येणार नाही ना?"

"प्रश्न कसा आहे त्यावर ठरेल."

"पोरी हे काय खेळी राहिल्या?"

"सॉफ्टबॉल."

"मग गुड्डी चेंडू वरून काबरं फेकी राहिली?"

"पिचरने वरूनच फेकायचा असतो, ताई. पान एकेचाळीस." सरांनी वहीही पुढे केली.

सरिताने वही घेतली, पान वाचलं आणि मिटून दोन्ही हातांनी परत दिली. "अक्षर लय सुंदर शे सर तुमचं. पण हा बेसबॉलचा नियम शे. सॉफ्टबॉलमध्ये खालून फेकता. हात पुरा गोल फिरवून, कमरेजवळून. आणि तुमच्या पोरी चेंडू सुटायच्या आधीच बेस सोडी राहिल्या. बेसबॉलमध्ये चालतं ते. आपल्यात पाय उचलला की आऊट."

सरांनी वही उघडली आणि मिटली. पण तेहेतीस वर्षांची सवय, तोंडातून निघालं ते वेगळंच. "असं? आणि मैदान कमी पडतं त्याचं काय? सॉफ्टबॉलला मैदान आकाशातून येतं?"

"मैदान लहान नाही, सर," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक मोठं शे. आपला बेस साठ फुटांवर राहतो."

आणि ती होमपासून चालायला लागली. सरळ, मान वर, पावलं मोजत. एका जागी थांबून तिने पायातली चप्पल काढून ठेवली, तिथून काटकोनात वळली, पुन्हा चालली, दुसरी चप्पल ठेवली. ती शेडच्या पायरीपासून चांगली लांब होती. सरांनी टेप ओढत नेली. एकोणसाठ फूट आठ इंच.

"चार इंच कमी," सर म्हणाले. 

"पंधरा वर्षं झाली ना, सर," सरिता हसून म्हणाली. "पाऊल आखडलं असेल."

तोवर मुली परत आल्या होत्या. सरिताने अ‍ॅप्रन काढून कुंपणावर टाकला, साडीचा पदर खोचला, अनवाणीच उभी राहिली आणि चेंडू मागितला. "चेंडू बारा इंचाचाच राहतो बरं, सर," ती जाता जाता बोलली. (पत्राची गोष्ट तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सरांचे कान मात्र लाल झाले.) मग तिचा हात मागून वर, वरून खाली असा पूर्ण फिरला आणि कमरेपाशी मनगट झटकलं. चेंडू कधी सुटला ते कोणाला दिसलं नाही. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तो आदळल्याचा आवाज तेवढा आला आणि शेडमधून काळूभाई पळी घेऊन बाहेर धावला.

गुड्डी आ वासून पाहत होती. "आई, तुला येतं?"

"मी आमच्या शाळेची पिचर होते. जिल्ह्याकडून बी खेळले."

"कधी सांगितलं नाहीस!"

"लग्न झालं, मग तू झाली. भाकरी थापता थापता काय सांगू, माझा हात चांगला फिरतो म्हणून?"

सर घरी गेले. बायकोने, नलिनीबाईंनी, पुढे ठेवलेला चहा गार झाला. त्यांनी सॉफ्टबॉलचं खरं पुस्तक शोधून काढलं, जे तीन महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत सापडलं असतं, आणि एकेक नियम पडताळला. फेक खालून. बेस साठ फुटांवर. मुलींची पिचर त्रेचाळीस फुटांवर, आणि त्यांनी गुड्डीला उभी केली होती साडेसाठ फुटांवर! डाव सात, नऊ नव्हेत. त्या बाईचं अक्षरन् अक्षर खरं होतं. "अगो, मी तेरा मुलींना तीन महिने चुकीचं गणित शिकवलं," ते बायकोला म्हणाले. स्वतःची फजिती होईल याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण दादऱ्याच्या मैदानावर पोरी सगळ्यांसमोर आऊट होत राहणार आणि आपण कुठे चुकलो हे त्यांना कळणारही नाही, हे त्यांना सोसवेना. बारा दिवसांत शिकवलेलं पुसायचं होतं, आणि नवीन गिरवायचं होतं. एक गोष्ट मात्र त्या संध्याकाळी त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिली. त्या बाईला सगळ्यांसमोर हसता आलं असतं, मुख्याध्यापकांकडे जाता आलं असतं. ती चार दिवस थांबली आणि मुली पाण्याला गेल्यावर बोलली. आयुष्यात कोणी आपली चूक इतक्या मायेने दाखवली नाही, असं सरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कामं केली. कार्यालयाला पत्र लिहिलं: 'चेंडू बरोबर आहेत. अर्जदाराचं वाचन चुकलं. क्षमस्व.' आणि मुलींना ओळीत उभं करून म्हणाले, "मी तुम्हाला शिकवलं ते बेसबॉल होतं. चूक तुमची नाही. माझी. पुरी माझी."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. नेरूरकर सर चुकले, हे वाक्य पचायला अवघड होतं. गुड्डीने हातातला चेंडू खाली ठेवला. "मग माझी फेक गेली?" तिने विचारलं. आकड्यांखेरीज ती सरांशी पहिल्यांदाच बोलली होती आणि सरांकडे उत्तर नव्हतं.

उत्तर रोज पावणेचारला शेअर रिक्षातून उतरायचं. सरिताची पाळी सात ते तीन. उभ्याने आठ तास धाग्याचे कोन पॅक करून ती तशीच यायची, डब्यातली उरलेली भाकरी येतायेता खायची आणि मैदानावर उभी राहायची. जुनी सवय मोडणं हे नवं शिकण्यापेक्षा कठीण, हे सरांना वर्गात ठाऊक होतं, आता मैदानावर कळलं. बेसवरच्या मुलींचे पाय काही केल्या थांबत नसत. त्यावर सरांनीच तोड काढली. पिचरच्या हातून चेंडू निसटला की बेसवरच्या मुलीने "सुटला!" असं मोठ्याने ओरडायचं आणि मगच पळायचं. आठ दिवसांत "सुटला!"चा इतका गजर झाला की काळूभाईही डाळीला फोडणी देताना ओरडायला लागला. गुड्डीचा हात मात्र हट्टी. दहातले सात चेंडू खालून नीट जात, आणि जरा कोणी ओरडलं, घाई झाली की हात आपोआप डोक्यावर. सर तोंड फिरवून उभे राहत. तो हात त्यांनीच तिथे नेऊन ठेवला होता.

स्पर्धेच्या अर्जावर प्रशिक्षक म्हणून कोणाचं नाव घालायचं हे ठरवायला त्यांना एक क्षणही लागला नाही. "सर, कारखान्यातली बाई? पालक?" सुधाकर सर म्हणाले. "तुमचा तीन महिन्यांचा घाम आहे त्यात."

"घामच आहे," नेरूरकर सर म्हणाले. "अक्कल तिची आहे." स्वतःचं नाव त्यांनी खाली व्यवस्थापक म्हणून लिहिलं. सरिताने कंपनीत रजनी नावाच्या मैत्रिणीशी सुट्टीचा वार बदलून घेतला. सामन्याच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आणि पायात गुड्डीचेच जुने बूट घालून आली.

दादऱ्याला समोर दमणच्या एका शाळेचा संघ होता. अंपायर सुरतेचे, पोट सुटलेले, गोड बोलणारे पण नियमाला कडक. पहिल्या डावात आपल्या मुलींनी एकही धाव केली नाही, आणि मग गुड्डी चेंडू टाकायला उभी राहिली. दमणच्या मुली पोचलेल्या. त्यांनी टाळ्या आणि आरडाओरडा सुरू केला आणि व्हायचं तेच झालं. गुड्डीचा हात वर गेला. "इल्लिगल!" अंपायर ओरडले. पुन्हा वर. पुन्हा "इल्लिगल!" चार वाईट चेंडू झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर. अशा एकामागून एक मुली चालत बेसवर गेल्या आणि मग एकीने टोला हाणला. चार धावा. गुड्डीचा चेहरा पांढरा पडला होता.

सरांनी तिला बाहेर घेतलं आणि राखीव सायलीला पाठवलं. दुसरा इलाज नव्हता. गुड्डी येऊन बाकावर बसली, रडली नाही, नुसती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. सरांना तिच्याशेजारी बसवेना. त्या चारही धावा त्यांच्या होत्या.

सरिता मात्र लेकीला उठवून मैदानामागे घेऊन गेली. "डोळे मीट," ती म्हणाली. "आता टाक."

"दिसणार नाही."

"मी शे ना समोर. टाक."

पोरीने डोळे मिटून टाकला. आई कुठूनही उचलून आणायची, पुन्हा द्यायची. इकडे सायली बिचारी जिवाच्या करारावर टाकत होती. चार डावांत तिने एकच धाव दिली, आणि आपल्या मुलींनी "सुटला! सुटला!" करत पळून पळून पाच जमवल्या. एकही मुलगी आधी पाय उचलल्याबद्दल आऊट झाली नाही. पाचव्या डावात मात्र सायलीचा खांदा भरून आला. समोरच्या दोघी फुकटात बेसवर गेल्या. पाचास पाच, आणि बेसवर दोघी.

सरिता येऊन सरांशेजारी उभी राहिली. "गुड्डीला पाठवा, सर."

"ताई, ती बाहेर गेलेली आहे. बाहेर गेलेला खेळाडू परत..." सर बोलता बोलता थांबले. हे वाक्य त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं.

"तेही बेसबॉल शे, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या नऊ जणींतली पोर बाहेर गेली तरी एकदा परत येते. तिच्याच जागेवर. एकदाच."

सर स्वतः अंपायरकडे गेले. अंपायरांनी कागद पाहिला, मान डोलावली. सायलीला आता परत येता येणार नव्हतं, ती राखीव होती. तिला ते ठाऊक होतं. तरी तिने चेंडू गुड्डीच्या हातात देताना तिच्या पाठीत एक धपका घातला. "टाक गं," ती म्हणाली. सरांनी त्या पोरीला बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि पाण्याची बाटली स्वतः उघडून दिली.

गुड्डीने एकदा डोळे मिटले. उघडले. हात मागून वर गेला, वरून खाली आला आणि कमरेपाशी सुटला. "स्ट्राइक!" त्या डावात एकही धाव आली नाही. सहाव्यात नाही. सातव्याच्या सुरुवातीला आपल्या मुलींनी एक धाव काढली, सहा पाच, आणि आता दमणची शेवटची पाळी. दोन आऊट झाल्या, आणखी एक झाली की सामना आपला. तिसऱ्या बेसवर त्यांची एक मुलगी होती. ती होमला पोचली की बरोबरी.

टोला बसला, पण अर्धामुर्धा. चेंडू गडगडत गुड्डीच्या पुढ्यात येऊन थांबला. फलंदाज पहिल्या बेसकडे सुसाट निघाली. गुड्डीने चेंडू उचलला आणि क्षणभरही न थांबता डोक्यावरून हात नेऊन असा फेकला, की बेसवर उभ्या आपल्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये तो वाजला तेव्हा धावणारीचं शेवटचं पाऊल हवेतच होतं.

सरांनी डोळे गच्च मिटले. वरून फेकला, संपलं!

"आऊट!" अंपायर ओरडले.

"आऊट कसं?" सरांनी सरिताचा दंडच धरला. "वरून फेकला तिने!"

"फलंदाजाला टाकताना खालून, सर. टोला बसल्यावर कसाबी फेका." सरिता हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "त्या पोरीला मी पहिल्या बेसवर फेकायचं कधी शिकवलंच नाही. वेळच नव्हता. तो हात तुमचा शे."

सर मटकन बाकावर बसले. तीन महिन्यांतलं काही तरी पोरीच्या कामाला आलं, याचं त्यांना जे सुख झालं ते निवृत्तीच्या सत्काराला व्हायचं नाही. मुली एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळत होत्या आणि सगळ्यात मोठा आवाज गुड्डीचा होता.

अंपायर गुणपत्रक घेऊन आले. "कोच कोण छे? बेन, अहीं सही करो."

सरिताने हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि एका दमात सही केली. अंपायरांनी चष्मा वर केला. "आ नाम तो जुदू छे, बेन. ऊपर लिखा है सरिता भगवंत भदाणे."

सरिताने वाकून पाहिलं आणि जीभ चावली. कागदावर लिहिलं होतं, सरिता भिका देवरे. बापाचं नाव, माहेरचं आडनाव. शाळेत असताना प्रत्येक सामन्याच्या कागदावर जी सही केली तीच, हात फिरला तसा फिरला. "अय्या! चुकलं, सर," ती गोरीमोरी होऊन म्हणाली. "ध्यानातच राहिलं नाही. खोडते."

"खोडू नका," सर म्हणाले.

दशांशचिन्हाला अर्धा गुण कापणारा तो माणूस पुढे झाला, पेन हातात घेतलं आणि त्या सहीखाली आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'वरील सही बरोबर आहे. अनंत नेरूरकर, व्यवस्थापक.' अंपायरांनी दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि कागद घेऊन गेले.

सरांना आभार मानायचे होते आणि ते कसे मानतात हे या वयात त्यांना आठवेना. बारा दिवस, एकही दिवस न चुकवता, आठ तास उभं राहून आलेली बाई. त्यांनी घसा खाकरला, दोन्ही हात जोडले. मग त्यांच्या तोंडून निघाला तो वर्गात हजेरी घेतानाचाच आवाज.

"सरिता भिका देवरे!"

सरिता ताठ उभी राहिली. भर मैदानात, मुलींसमोर, लेकीसमोर, ओल्या डोळ्यांनी तिने हात वर केला.

"हजर, सर."